गृहशुश्रूषा : बरें वाटलें म्हणून थांबवूं नये

औषधाविषयीं आपल्या घरांतून एक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दुखणें आलें, डॉक्टर आले, गोळी दिली, चार दिवस पथ्य झालें, रोगी उठून बसला, कीं औषधाची बाटली फडताळाच्या मागल्या कोपऱ्यांत जाते. तापाला, खोकल्याला, पोटदुखीला हा क्रम बहुधा लागू पडतो, आणि म्हणून तो सर्वच दुखण्यांना लागू असावा असें आपण धरून चालतों. औषध सुटणें हीच बरें झाल्याची खूण, आणि तें जन्मभर घ्यावें लागणें हा एक प्रकारचा कमीपणा, असाहि भाव वडील माणसांच्या मनांत असतो. या महिन्यांत ज्या रोग्यांविषयीं लिहावयाचें योजिलें आहे त्यांच्या बाबतींत ही समजूत नुसती चुकीची नाहीं, ती जिवावर बेतणारी आहे. परिचारिकेचें काम तीस वर्षें केल्यामुळें हें मला ठाऊक होतेंच. परंतु तें खरें कळलें माझ्या स्वतःच्या माहेरीं.

माझ्या आत्याबाईंना संधिवात होता. हातांचीं बोटें इतकीं आखडलीं कीं वेणीचा पेड घालतां येईना. डॉक्टरांनीं प्रेडनिसोलोनची लहानशी गोळी रोज सकाळीं न्याहारीनंतर घ्यावयास सांगितली. बोटें वळूं लागलीं, पोळपाट-लाटणें पुन्हां हातीं आलें, आणि अशीं सहा वर्षें गेलीं. एका दिवाळींत मी माहेरीं गेलें असतां आत्यांचा चेहरा गोल झालेला दिसला, आणि बोलतां बोलतां मी म्हणालें, "आत्या, ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेणें बरें नव्हे हो. हाडें ठिसूळ होतात, रक्तांतली साखर वाढते." माझें बोलणें खरें होतें; पण तें अर्धें होतें. उरलेलें अर्धें मी सांगितलें नाहीं, आणि त्यांनीं विचारलें नाहीं.

चातुर्मासांत एखादी वस्तु सोडण्याची रीत आपल्याकडे आहेच. कोणी वांगें सोडतें, कोणी कांदा-लसूण. त्या वर्षीं आषाढी एकादशीस आत्यांनीं गोळी सोडली. पहिले चार-पांच दिवस कांहींच झालें नाहीं, तेव्हां घरांत त्यांच्या निग्रहाचें कौतुक झालें. मग अन्नावरची वासना गेली. उभें राहिलें कीं डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली. त्यांतच पावसाळी ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. पित्त खवळलें असें समजून मोरावळा झाला, कोकमाचें सार झालें. नवव्या दिवशीं भावाचा फोन आला. मी संध्याकाळीं पोंचलें, तों आत्या अंथरुणाला खिळलेल्या, हात गार, नाडी बोटांना जेमतेम लागते आहे. मी विचारलें, "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" वहिनींनीं डबा पुढें केला. प्रेडनिसोलोनच्या पाकिटाला हातहि लागलेला नव्हता.

रुग्णालयांत शिरेंतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन मिळालें, आणि पहांटेपूर्वीं आत्यांनीं चहा मागितला. पुढें त्या पूर्ण सांवरल्या. त्यांनीं मला दोष दिला नाहीं. "अगं, तूंच म्हणाली होतीस ना, ती गोळी वाईट म्हणून?" एवढेंच त्या म्हणाल्या. हें वाक्य मी अजून विसरलें नाहीं. घरांतील शिकलेल्या माणसाच्या तोंडचें अर्धें ज्ञान हें अज्ञानापेक्षां अधिक विश्वासानें पाळलें जातें, आणि म्हणूनच तें अधिक घातक ठरतें. ज्या घरांत चार माणसें शिकलेलीं आहेत त्या घरांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां उरलेलें अर्धें सांगतें. आपल्या शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं त्यांचा रस कोणत्याहि नळींतून न वाहतां सरळ रक्तांत मिसळतो. गळ्यांतील थायरॉइड, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथि, जठरामागील स्वादुपिंडांत विखुरलेलीं इन्सुलिन करणारीं पेशींचीं बेटें, आणि मेंदूच्या तळाशीं राहून यांपैकीं कित्येकांवर हुकमत चालविणारी वाटाण्याएवढी पोषग्रंथि, या त्यांतील मुख्य. त्यांच्या रसांस संप्रेरकें म्हणतात. ग्रंथि थकली, नष्ट झाली किंवा काढून टाकावी लागली, कीं तिचा रस बाहेरून पुरवावा लागतो. हें औषध रोगाशीं लढून विजय मिळवून परत जाणारें नव्हे. तें शरीराची रोजची गरज भागवितें. ज्या घरची विहीर आटली आहे तेथें रोज पाणी भरावें लागतें. काल रांजण भरला होता, म्हणून आज घागर उचलावयाची नाहीं असें कोणी म्हणत नाहीं.

अशा नित्य पुरवठ्यानें काय साधतें याचा पहिला दाखला १८९१ सालचा आहे. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानें थायरॉइड निकामी होऊन अंग सुजलेल्या, बोलणें जड झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईस मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोंचून दिला. ती बाई पुढें २८ वर्षें जगली आणि १९१९ सालीं ७४ व्या वर्षीं वारली. तेवढ्या काळांत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि खर्चीं पडल्या. तिची ग्रंथि कधींच बरी झाली नाहीं. बाई मात्र बरी राहिली. या दोन गोष्टींतला भेद ज्यास कळला त्यास या सर्व शुश्रूषेचें मर्म कळलें.

मग लोक फसतात कां? तर औषध सोडल्याची शिक्षा प्रत्येक संप्रेरकाच्या बाबतींत निराळ्या वेळीं मिळते. इन्सुलिनची कांहीं तासांत, स्टेरॉइडची कांहीं दिवसांत, थायरॉइडची कित्येक आठवड्यांनीं. चूक आणि तिचें फळ यांत जितकें अंतर अधिक, तितकी ती चूक ध्यानांत येणें कठीण. या क्रमानेंच पुढील सूचना दिल्या आहेत.

प्रथम इन्सुलिन. टोरोंटो येथें १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोंचण्यांत आलें. त्याआधीं त्याच्यासारखीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर थोडे दिवस काढून मरत असत. तो आणखी तेरा वर्षें जगला. ज्या रोग्याचें स्वादुपिंड इन्सुलिन मुळींच करीत नाहीं, त्याचें इन्सुलिन एक दिवस बंद पडलें तरी रक्तांत आम्ल सांचूं लागतें. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, हीं त्याचीं लक्षणें होत. घरोघर होणारी चूक अशी : "मुलगा तापानें जेवत नाहीं, मग इन्सुलिन कशाला टोंचायचें?" वास्तविक तापांत इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. मात्रा कमीजास्त करणें हें डॉक्टरांचें काम. परंतु अशा रोग्याचें दीर्घकाळ टिकणारें इन्सुलिन आपण होऊन बंद करूं नये.

उलट बाजूची चूक म्हणजे इन्सुलिन दिलें आणि जेवण लांबलें. पंगत उशिरा बसली, पूजा लांबली, कीं हें घडतें. घाम, हातांस कंप, एकाएकीं भूक, बोलण्यांत विसंगति, आणि पुष्कळदां नुसती चिडचिड. घरांतील माणसें ती स्वभावावर घालतात. ती साखरेवर घालावी. रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली, किंवा मोजण्याची सोय नसून वरील लक्षणें दिसलीं, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें. उतार नसल्यास तेंच पुन्हां करावें, व नंतर कांहीं खावयास द्यावें. पेढा किंवा लाडू देऊं नये. त्यांतील तुपामुळें साखर रक्तांत उशिरा पोंचते. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. त्याला कुशीवर वळवावें, डॉक्टरांनीं ग्लुकॅगॉनचें इंजेक्शन घरीं ठेवावयास सांगितलें असेल तर तें द्यावें, आणि लगेच रुग्णालय गांठावें.

इन्सुलिनच्या सिरिंजविषयीं एक गोष्ट प्रत्येक घरांत माहीत असली पाहिजे. आपल्या देशांत कुपींतील इन्सुलिन एका मिलिलिटरास ४० एकक आणि १०० एकक अशा दोन शक्तींचें मिळतें, आणि त्यांच्या सिरिंजाहि निराळ्या असतात : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० एककांच्या कुपींतून ४० च्या सिरिंजनें २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलें, तर अंगांत २० नव्हे, ५० एकक जातात. म्हणून कुपीवरील आंकडा आणि सिरिंजवरील आंकडा हे दोन्ही मोठ्यानें वाचून मगच सुई भरावी. रोज त्याच जागीं टोंचल्यास तेथें गांठ धरते आणि औषध नीट शोषलें जात नाहीं. पोट व मांड्या यांवर जागा बदलीत राहावें. न उघडलेल्या कुप्या शीतकपाटांत ठेवाव्या, परंतु बर्फाच्या कप्प्यालगत नव्हे. एकदां गोठलेलें इन्सुलिन वितळल्यावरहि वापरूं नये. चालू कुपी घरांतील थंड जागीं, ३० अंशांच्या खालीं, सामान्यतः चार आठवडे चालते. नेमकी मुदत तिच्या वेष्टनावर पाहावी. विदर्भांतील उन्हाळ्यांत वीज गेली असतां ओल्या वाळूंत ठेवलेलें मडकें चांगलें उपयोगीं पडतें; कुपी मात्र पाणी न शिरेल अशा पिशवींत बांधून आंत ठेवावी.

दुसरें स्टेरॉइड. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें संधिवातानें जखडलेल्या रोग्यास कॉर्टिसोन प्रथम देण्यांत आलें, आणि १९५० सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. औषध उत्तमच, पण तें तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलें, कीं पोषग्रंथि "बाहेरून येतें आहे, आपण कशाला?" अशा थाटांत आपला हुकूम थांबविते आणि अधिवृक्क ग्रंथि झोपी जातात. गोळी एकाएकीं थांबविली तरी त्या लगेच जाग्या होत नाहींत. त्यांस कित्येक महिने लागूं शकतात. आत्यांचें नेमकें हेंच झालें. म्हणून ही गोळी थांबवावयाची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, थोडी थोडी कमी करीत थांबवावी. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथि रोगानेंच निकामी झाल्या आहेत त्यांनीं तर ती कधींच सोडूं नये. टॉमस ॲडिसन यानें १८५५ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें तो हाच.

निरोगी शरीर ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळीं हा रस आपोआप अधिक करतें. झोपलेल्या ग्रंथींना तें साधत नाहीं, म्हणून तापाच्या दिवसांत मात्रा कमी न करतां वाढवावी लागते, सामान्यतः दुप्पट. ही सूचना प्रकृति चांगली असतांनाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. उलट्यांमुळें गोळी पोटांत ठरत नसेल तर वाट पाहूं नये, इंजेक्शन लागतें. दांत काढण्यापूर्वीं किंवा शस्त्रक्रियेपूर्वीं "हे स्टेरॉइड घेतात" हें आपण होऊन सांगावें, आणि तसें लिहिलेली चिठ्ठी रोग्याच्या बटव्यांत किंवा पाकिटांत ठेवावी. आणखी एक : सांधेदुखीवर किंवा दम्यावर बिननांवाच्या पुड्यांनीं जादूसारखा गुण आला, तर त्यांत स्टेरॉइड मिसळलें असल्याचा संशय धरावा. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्याहि एकदम न सोडतां डॉक्टरांस दाखवाव्या.

तिसरें थायरॉइड. येथें चूक उघडकीस यावयास सर्वांत वेळ लागतो, कारण थायरॉक्सिनची अंगांतील शिल्लक निम्मी व्हावयासच सुमारें सात दिवस लागतात. गोळी सोडून पंधरा दिवस झाले तरी कांहीं जाणवत नाहीं, आणि "पाहा, गोळीवांचून चाललेंच कीं!" असें वाटतें. मग हळूहळू थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, केस गळणें, विसराळूपणा. आणि तीं सर्व वयाच्या नांवावर खपून जातात. ही गोळी सकाळीं अनशापोटीं नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि अर्धा ते एक तास चहाहि घेऊं नये. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या. ज्या गृहिणीला पहांटे उठून सर्वांच्या चहाचें पाहावें लागतें तिला हा नियम अवघड जातो. तिनें डॉक्टरांस विचारून रात्रीं जेवणानंतर तीन-चार तासांनीं गोळी घेतली तरी चालण्याजोगें असतें. मात्रा बदलल्यावर रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनीं करावी. त्याआधीं केल्यास ती खरें सांगत नाहीं. घरांतील सून गरोदर राहिल्यास ही गोळी थांबवूं नये. बहुधा ती वाढवावी लागते, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभीं आईच्याच थायरॉइड रसावर अवलंबून असते. म्हणून दिवस गेल्याचें कळतांच डॉक्टरांस कळवावें.

नियम सांगितला तसे अपवादहि सांगितले पाहिजेत; नाहीं तर पुन्हां अर्धेंच ज्ञान होईल. थायरॉइड अति काम करते म्हणून जे कार्बिमाझोल घेतात, त्यांस ताप येऊन घसा दुखूं लागल्यास पुढची गोळी न घेतां त्याच दिवशीं डॉक्टरांस भेटून रक्तांतील पांढऱ्या पेशी मोजवून घ्याव्या. क्वचित् हें औषध त्या पेशी धोकादायकपणें कमी करतें. मधुमेहाच्या कांहीं गोळ्याहि उलट्या-जुलाब होत असतांना थांबवाव्या लागतात. आपल्या रोग्याच्या कोणत्या, तें आधींच लिहून घ्यावें.

आतां उपवास. पुष्कळशीं औषधें उपवासाच्या दिवशींच चुकतात. गोळीनें उपवास मोडतो असें म्हणणाऱ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, ज्या आठ गोष्टींनीं व्रतभंग होत नाहीं म्हणून आपल्या धर्मग्रंथांनींच सांगितलें आहे, त्यांत पाणी, फळ आणि दूध यांच्याबरोबर औषध आहे. इन्सुलिन घेणाऱ्यानें मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून निराहार राहूंच नये.

शेवटीं शिकविण्याविषयीं. एकत्र कुटुंबांत रोग्याजवळ माणसें पुष्कळ असतात. पण जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. औषधाचा भार एका माणसावर असावा, आणि तो गांवीं गेल्यास कोण, हेंहि ठरलेलें असावें. एक वही करावी. तींत औषधाचें नांव, मात्रा, वेळ, तें कशासाठीं, एक वेळ चुकल्यास काय करावें, आणि कोणतें लक्षण दिसल्यास डॉक्टरांकडे धांवावें, एवढें लिहावें. आणि शिकवितांना "समजलें ना?" असें विचारूं नये; वडील माणसें मानेनें होकार देतात, लाजेनें किंवा सौजन्यानें. त्यापेक्षां "आतां हें मला सांगून दाखवा," "सुई भरून दाखवा," असें म्हणावें. रुग्णालयांत मी शेंकडों रोग्यांना असें विचारलें असेल. घरच्या माणसाला विचारावयाचें मात्र राहून गेलें.

आत्यांची गोळी पुढें डॉक्टरांनीं कित्येक महिन्यांत, मोठ्या सावधपणें, निम्म्यावर आणली. पुढल्या आषाढीस त्यांनीं चहांतली साखर सोडली. त्यांच्या औषधाच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटविलेली आहे, आणि तीवर त्यांच्याच वळणदार अक्षरांत लिहिलें आहे : "ही सोडावयाची नाहीं. तापांत वाढवावयाची. उलटी झाल्यास इंजेक्शन." मी माहेरीं गेलें कीं त्या मला तें म्हणून दाखवितात, मीं विचारण्याआधींच.